ऑब्रीच्या दगडावरचा शब्द

११ मार्च

भावाचा, क्लेमचा, फोन. इतका लांबला की भांड्यातलं पाणी आटून अंडी तडकली! ऑब्रीच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते ठरलंय म्हणे. कुणी ठरवलं? त्यानेच. नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली एकच शब्द: 'सिली.'

मी म्हटलं, "काय?"

"आई म्हणायची ना त्याला? तोच."

फोन ठेवून दिला. ऑब्रीला जाऊन दोन महिने झाले फक्त. अजून माती नीट बसली नाही, आणि ह्याला दगड सुचतोय!

१२ मार्च

थकवा जात नाही. भेटेल तो म्हणतो, आता जरा विश्रांती घे, अविस. कशी घेतात विश्रांती? त्रेसष्ट वर्षांचा भाऊ ऑब्री, पण भरवायचं, न्हाऊ घालायचं, बटणं लावायची. आई गेल्यापासून सगळं माझ्याच हाताने. शेवटची तीन वर्षं तर त्याला आपलं घरही ओळखू येईना. डाउन सिंड्रोमच्या माणसांना विसरण्याचा आजार लवकर गाठतो, असं डॉक्टर म्हणाले होते. लवकर कसला, सावकाश गाठला. रोज थोडा थोडा.

आता जाग त्याच वेळेला येते आणि उठायचं कारण नसतं. पडून राहते. पडून राहून आणखी दमायला होतं.

१५ मार्च

क्लेम पुन्हा. आज मी भांडी विसळत होते, फोन खांद्यात धरून. लीड्सच्या कॉलेजात जन्मभर जुनी इंग्रजी शिकवली त्याने. निवृत्त झाला, पण वर्ग काही सुटला नाही. आता मी वर्ग.

"हजार वर्षांपूर्वी तो 'सेलिग' होता, एव्ही. म्हणजे धन्य. देवाची कृपा असलेला. संतांबद्दल वापरायचे."

"बरं."

"मग झाला 'सेली'. पुण्यवान. मग पुण्यवान म्हणजे निष्पाप. मग निरुपद्रवी. मेंढरांना म्हणायचे, तान्ह्या बाळांना म्हणायचे. मग निरुपद्रवी म्हणजे ज्याची कीव यावी असा, बिचारा. मग दुबळा. आणि अगदी शेवटी खुळा. बघ ना, शब्द तोच, पण धन्यापासून खुळ्यापर्यंत घसरत घसरत आला."

"किती वर्षं लागली घसरायला?"

"चारपाचशे."

"शाळेच्या रस्त्यावर पोरांना तेवढी लागली नाहीत."

मग म्हणाला, "म्हणूनच तर. मला तो शब्द परत वर न्यायचाय."

शब्दाला वर ने बाबा. माझ्या भावाला कशाला मध्ये घेतोस?

१६ मार्च

झोप नाही. पोरांचंच डोक्यात. सायकलींवरून यायची, "सिली ऑब्री! सिली ऑब्री!" सूर लावून, घंटा वाजवत. आणि हा फाटकात उभा राहून दोन्ही हात हलवायचा! त्याला वाटायचं, हाक मारताहेत. मी एकदा एकाच्या चाकात काठी घातली होती. त्याचा दात पडला. आईने मला मारलं. क्लेमला हे ठाऊक नाही. तो तेव्हा शिष्यवृत्तीच्या शाळेत, वसतिगृहात. सुट्टीत यायचा, ऑब्रीला पाठीवर घेऊन समुद्रापर्यंत न्यायचा, आणि परत जायचा.

सुट्टीतला भाऊ व्हायला कुणालाही जमेल.

२ एप्रिल

आमच्या चर्चच्या व्हिकर, धर्मगुरू जोसलिनबाई, येऊन गेल्या. लिंबाचा केक आणला होता. मी चहा केला आणि सरळ विचारलं.

"सहा महिने तरी दगड बसवता येत नाही, अविस. जमीन बसावी लागते. आणि शब्द नेहमीचा नसेल तर मी एकटी हो म्हणू शकत नाही. बिशपच्या न्यायाधीशांची परवानगी लागते. दारावर नोटीस लावतात. कुणालाही हरकत घेता येते."

"मग मिटलंच. एवढं सगळं करणार कोण?"

त्या केकचा तुकडा बशीत नुसता फिरवत होत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

२० एप्रिल

कौन्सिलचे लोक येऊन ऑब्रीचा वरखाली होणारा पलंग घेऊन गेले. गालिच्यावर चार खळगे राहिले.

९ जून

चर्चच्या दारावर नोटीस! अर्जदार: क्लेमंट गॅरड. मृताचा भाऊ. मजकूर: 'सिली'.

मला विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. फुलांची पाळी माझी होती, म्हणून गेले होते. हातात पिओनींची जुडी घेऊन तिथेच उभी. ओल्या देठांचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मागून शेजारची ओलिव्ह आली, नोटीस वाचली आणि म्हणाली, "अगं बाई! खुळा म्हणून लिहायचं? मेलेल्या माणसाला?"

मी म्हटलं, "माझ्या भावाला विचार. जो जिवंत आहे त्याला."

९ जून, संध्याकाळ

मीच फोन केला. कधी नव्हे ते ओरडले.

"तू नाही म्हणाली असतीस," क्लेम म्हणतो.

"हो! म्हणूनच विचारायचं असतं!"

"एव्ही, त्याच्यासाठी मी काहीच केलं नाही. एवढं एक करू दे."

"काहीच केलं नाहीस हे बरोबर आहे."

मग म्हणाला, "तू कधी मदत मागितली नाहीस."

"आई कुणाकडे मागायला गेली होती का? तिने केलं. मीही केलं. मागायचं काय त्यात?"

मी फोन ठेवला की त्याने, आठवत नाही. टोस्ट खाल्ला आणि बसून राहिले. त्याने केलेलं सगळं मी विसरले असंही नाही. दर नाताळला यायचा. ऑब्रीला दाढी करून द्यायचा, साबणाचा फेस नाकाला लावायचा, आणि ऑब्री हसून हसून खुर्चीवरून घसरायचा. पण वर्षातून एकदा. दाढी रोज वाढते.

१४ जून

हरकत लिहून पाठवली. अर्धं पानसुद्धा झालं नाही. 'हा शब्द आयुष्यभर त्याच्या पाठीमागून आला. आता डोक्याशी नको. — अविस गॅरड, बहीण.'

वाटलं होतं बरं वाटेल.

३ जुलै

काही नाही. उकाडा. वालाच्या शेंगा जून झाल्या, तोडायचं सुचलंच नाही.

१८ जुलै

हॅलम आले होते. तेच, तलावाजवळचं मोठं घर घेतलेले, लंडनहून निवृत्त होऊन आलेले. गावसमितीचे अध्यक्षही झाले आता. हातात स्वतःच्या बागेतले टोमॅटो.

"मिस गॅरड, आम्ही पूर्णपणे तुमच्या बाजूने आहोत. मीही हरकत नोंदवली आहे."

बसायला सांगितलं. बसले आणि सुरू झाले. चर्च जुनं, सुंदर. लग्नं होतात. बाहेरगावची माणसं येतात, फोटो काढतात. "एखाद्या पाहुण्याने तो दगड पाहिला, हसला, फोटो कुठे टाकला... गावाचं हसं होईल हो. आधीच आपल्या सफक परगण्याला लोक 'सिली सफक' म्हणतात."

मी म्हटलं, "ते धन्य सफक असं होतं म्हणे मुळात. इतकी चर्चं आहेत म्हणून. माझा भाऊ सांगतो."

"असेल, असेल. पण लोकांना काय माहीत?"

मला एकदम तो नाताळ आठवला. कॅरलच्या वेळी ऑब्री मोठ्याने गात होता, शब्द चुकीचे, सूर भलताच, आनंद मात्र खरा. ह्याच गृहस्थांनी मागे वळून मला म्हटलं होतं, त्यांना मागच्या बाकावर बसवलं तर? अगदी हसून. आम्ही गेलो मागच्या बाकावर. पुढच्या वर्षी गेलोच नाही.

ऑब्रीचं हसं होईल म्हणून नाही आलेला हा माणूस. फोटो बिघडतील म्हणून आलाय.

टोमॅटो ओलिव्हला दिले.

१९ जुलै

आता मी हॅलमच्या बाजूची! धन्य आहे.

७ ऑगस्ट

क्लेम पाकिटांमागून पाकिटं पाठवतोय. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या ओळी, कुठल्या पोथीत काय, कुठे 'सेली' म्हणजे भाग्यवान, कुठे 'सेली' म्हणजे गरीब बिचारी बाई. एका ओळीखाली लाल रेघ: तिथे अर्थ धन्य की बिचारा हे पंडितांनाही सांगता येत नाही म्हणे. दोन्ही एकदम. त्याच्या अक्षरात बाजूला लिहिलंय: 'आई अशीच म्हणायची, आठवतं?'

आई चौदाव्या वर्षी शाळा सोडून दुधाच्या कामाला लागली. तिला कुठली पोथी? ती खुळाच म्हणायची त्याला. खुळा म्हणायची आणि त्याच दमात जवळ घ्यायची.

वाचत बसले तरी सगळं. का कोण जाणे.

१२ सप्टेंबर

आज चर्चमध्येच सुनावणी. टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचा जग. न्यायाधीश म्हणजे सर्दी झालेला एक सौम्य माणूस, खोकल्याच्या गोळ्या चघळत होता. दहाबारा लोक. क्लेम कालच आला, उतरला मात्र गावातल्या लॉजवर. माझ्याकडे ये म्हणायचं माझ्याही जिवावर आलं.

क्लेम आधी बोलला. छान बोलला, खोटं कशाला सांगू. कागद थरथरत होते त्याच्या हातात. किती म्हातारा झालाय! हे मला फोनवर कळलं नव्हतं. मग हॅलम बोलले, गावाची प्रतिष्ठा, वारसा वगैरे. मग न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिस गॅरड, तुम्ही त्यांचा सांभाळ केलात. तुमची हरकत थोडक्यात आहे. काही सांगायचंय?"

नाही म्हणणार होते. उभी राहिले ती नाही म्हणायलाच.

काय बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण हे मी इथेही कधी लिहिलं नव्हतं.

मी म्हटलं, गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला माझं नाव आठवेनासं झालं. मग त्याचं स्वतःचंही. ऑब्री अशी हाक मारली की मागे वळून बघायचा, दुसरा कुणी आलाय का म्हणून. सकाळी शर्ट घालायचा तर हात छातीशी घट्ट आवळून धरायचा. किंचाळायचा. मला मारायचासुद्धा, आणि त्याने आयुष्यात कुणाला चापटही मारलेली नव्हती. एक दिवस मी अगदी रडकुंडीला आले. शर्ट हातात. तोंडातून निघून गेलं, "चल रे, सिली." आईचं. मी तो शब्द जन्मात कधी त्याला म्हटला नव्हता. आणि त्याने दोन्ही हात वर केले. लहान मुलं करतात ना, कपडा घालून घ्यायला? तसे. मग रोज तेच. मी म्हणायचे, तो हात वर करायचा. शेवटच्या सकाळपर्यंत.

मग म्हटलं, "त्याला त्यातला कुठला अर्थ कळत होता, धन्य की खुळा, मला माहीत नाही. मी माझी हरकत मागे घेते."

खाली बसले. न्यायाधीशांनी गोळी तोंडातून काढून रुमालात ठेवली.

बाहेर क्लेम भिंतीशी उभा. डोळे लाल. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतास."

लॉजवरून बॅग घेऊन आला. सूप केलं. त्याने दोनदा मागून घेतलं. ऑब्रीच्या खोलीत झोपलाय, सतरंजीवर, कारण पलंग नाही.

१३ सप्टेंबर

क्लेम कमरेत वाकून उठला. मी म्हटलं, बघ, एका रात्रीत ही गत. हसला. गाडीत बसताना मिठी मारली, अवघडल्यासारखी. आमच्या घरात ती पद्धत नाही.

२२ ऑक्टोबर

निकाल आला. परवानगी दिली, पण अट आहे. शब्द जुन्या रूपात कोरायचा, 'सेली', म्हणजे वाटसरूचा गैरसमज होणार नाही. सहृदय वगैरे लिहिलंय पुष्कळ.

क्लेम फोनवर नाचत होता! "तेराव्या शतकातलं रूप! अगदी योग्य!"

मी म्हटलं, "सेली म्हणून हाक मारली असती तर त्याने हात वर केले नसते."

मग हळूच, "खरंय. मी हे... पुन्हा अर्ज करतो. सिलीच हवं म्हणतो."

"नको."

"एव्ही, तू म्हणशील तसं. खरंच."

"दमले रे मी. कोरू दे काय कोरायचं ते."

त्याने 'तू म्हणशील तसं' म्हटलं, तेवढं पुरे झालं असावं मला. आता शब्दासाठी भांडायला अंगात काही उरलं नाही. आणि ऑब्रीला वाचता कुठे येत होतं?

१६ नोव्हेंबर

दगड बसला. राखाडी, साधा. पावसाची भुरभुर, बीटाचे ट्रक रस्त्याने चिखल उडवत चाललेले. क्लेम एकटाच आला. त्याची मुलगी इमोजेन येणार होती, पण तिचे दिवस भरत आलेत, नाताळच्या आसपासची तारीख आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणाले.

जोसलिनबाईंनी दोन ओळींची प्रार्थना म्हटली. हॅलम आले नाहीत. ओलिव्ह आली, डोळ्यांशी चष्मा धरून वाकून वाचू लागली. ऑब्री गॅरड. तारखा. मग वळून मला कुजबुजत म्हणते, "ही सेली कोण गं? लग्न झालं होतं का त्याचं?"

मी म्हटलं, "हो तर. तुलाच बोलवायचं राहिलं."

क्लेमला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. मग मलाही! जोसलिनबाई गोंधळून आमच्याकडे बघताहेत, ओलिव्ह रागावून, आणि आम्ही दोघं म्हातारे त्या ओल्या दगडाला धरून हसतोय. हजार वर्षांचा इतिहास, बिशपचं न्यायालय, आणि झालं काय तर ऑब्रीला बायको मिळाली!

घरी येऊन डुकराचं भाजलेलं, थंड मांस खाल्लं. क्लेमने भांडी घासली. घासताना म्हणाला, "शब्दांचं असंच असतं. आपण काही ठरवतो, लोक काही ठरवतात."

मी म्हटलं, "ती बशी अजून खरकटी आहे."

१७ नोव्हेंबर

क्लेम गेला. पहिल्यांदाच वाटलं, आता खरंच संपलं. काही करायचं राहिलं नाही. वसंतात ओलिव्हबरोबर बसने कुठेतरी जाईन. पर्वत बघावेसे वाटतात. सफकमध्ये सगळं सपाट.

आज दुपारपर्यंत झोपले. जागही आली नाही.

२ डिसेंबर

क्लेमचा फोन, सकाळी. नुसता श्वास. मी म्हटलं, बोल ना.

"इमोजेनला मुलगी झाली. लवकरच झाली. काल."

"अरे वा!"

"ऑब्रीसारखी आहे, एव्ही."

मग इमोजेनने फोन घेतला. आवाज पार बसलेला. "आत्या, ती दूध ओढतच नाहीये. नर्स नळी घालू म्हणताहेत. ऑब्रीकाकांसाठी आजी काय करायची गं? तुला आठवतं?"

आठवतं. मी सहा वर्षांची होते. वाटी मीच धरायचे.

बॅग भरली. उद्या इप्सविचहून पहिली गाडी. बाळाचं नाव अजून ठरलेलं नाही.